फ्री डिश, ट्यूनर कार्ड आणि घरचा रेकॉर्डर

टीव्ही बघताना माणूस समोर असतो. चित्र अडकलं तर तो केबल हलवून बघतो, मॅच लांबली तर बसून राहतो, वाहिनीचा क्रमांक बदलला तर शोधून काढतो. रेकॉर्डरला यातलं काहीच जमत नाही. म्हणून होम थिएटर पीसीवर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या संगणकावर, रेकॉर्डिंगची व्यवस्था उभी करताना संगणक किती वेगवान आहे हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. खरी मेहनत गच्चीवरच्या डिशमध्ये, केबलच्या टोकांमध्ये आणि घड्याळात असते.

आधी काय रेकॉर्ड करता येतं ते बघू. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्या कूटबद्ध असतात; साध्या ट्यूनर कार्डात (संगणकात बसवायच्या, टीव्हीचा सिग्नल घेणाऱ्या कार्डात) त्या दिसतात पण उघडत नाहीत. सेट टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून चित्र घ्यावं म्हटलं तर तिथे नक्कल रोखणाऱ्या एचडीसीपीचं कुलूप आडवं येतं. ज्यांना बॉक्सच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावून भागतं त्यांनी तेवढ्यावर समाधान मानावं, पण ती फाइल बहुधा त्याच बॉक्सवर चालते. संगणकासाठी सोपी मोकळी वाट एकच उरते, ती डीडी फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून केयू बँडमध्ये (छोट्या डिशना पुरणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात) येते. महिन्याचं भाडं नाही. तिच्यावरच्या एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) वाहिन्या कुठलंही डीव्हीबी-एस, म्हणजे उपग्रह प्रसारण घेणारं, कार्ड उघडतं. एमपेग-४ मधल्या ज्या वाहिन्या आयकॅस या कुलूपपद्धतीच्या आत आहेत, त्या मान्यताप्राप्त बॉक्सशिवाय दिसत नाहीत. त्यांच्या मागे वेळ घालवू नये. कायद्याचं म्हणाल तर प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं ध्वनी वा दृश्य मुद्रण करायला मोकळीक आहे. ती फाइल इंटरनेटवर चढवणं ही मात्र वेगळी गोष्ट.

संगणक म्हणून कचेऱ्यांतून निघालेला जुना छोट्या आकाराचा डेस्कटॉप उत्तम. चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५, ८ जीबी रॅम, यंत्रणेसाठी १२० जीबीची एसएसडी आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी हार्ड डिस्क एवढं पुष्कळ झालं. रेकॉर्डिंग करताना प्रोसेसर काहीच शिजवत नाही. उपग्रहावरून आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. खरेदीच्या वेळी आत पीसीआय एक्स्प्रेसची मोकळी खाच आहे का, आणि कार्डाबरोबर अर्ध्या उंचीची पट्टी मिळते का, एवढं बघून घ्या. पूर्ण उंचीची पट्टी छोट्या केसमध्ये बसतच नाही, आणि नुसती पट्टी बाजारात शोधणं हा भलताच उद्योग आहे. खाच नसेल तर यूएसबी ट्यूनर घ्यावा लागतो. त्याला स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या, कारण एलएनबीला (डिशसमोर दांडीवर बसणाऱ्या, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पुरवायचे असतात आणि यूएसबीच्या ५ व्होल्टांवर ते काम भरवशाने होत नाही.

आता डिश. पुण्याच्या अक्षांश-रेखांशावरून हिशेब केला तर उपग्रह खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. नागपुरातून तो १४४-१४५ अंशांवर आणि ६० अंश उंचीवर आहे. फोनमधलं होकायंत्र चालेल, पण लोखंडी कठडा किंवा पाण्याच्या टाकीची चौकट जवळ असेल तर ते दहा-वीस अंश सहज खोटं बोलतं. चार पावलं लांब जाऊन दिशा घ्यावी आणि समोरच्या एखाद्या इमारतीची खूण धरावी. उंची चांगली असल्याने अडथळ्यांचा त्रास कमी होतो. समोरची भिंत डिशपेक्षा १० फूट उंच असेल तर डिश तिच्यापासून ६ फुटांपेक्षा थोडी जास्त लांब ठेवली की सुटली. कोकणात नारळाच्या झावळ्यांचा मात्र विचार करावा. उन्हाळ्यात मोकळं दिसणारं आकाश पावसाळी वाऱ्यात मोकळं राहीलच असं नाही, आणि ओल्या झावळ्या केयू बँडला भिंतीसारख्याच.

खांब ओळंब्यात हवा. तो तिरका असला तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग तासन्तास चाचपडत बसावं लागतं. ऑफसेट डिश (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली, घरोघरी दिसते ती) ज्या कोनात उभी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने ती खाली झुकली आहे असंच वाटतं. ब्रॅकेटवरचा आकडा धरावा, डोळा धरू नये.

एलएनबीचं फिरवणं हा भाग बहुतेक जण वगळतात. पुण्यातून ९३.५ अंशांच्या उपग्रहाकडे पाहताना भूमितीने एलएनबी जवळजवळ बरोबर ४५ अंश फिरवावा लागतो: डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. तो सरळच ठेवला तर हव्या असलेल्या ध्रुवणाची (लहर उभी की आडवी कंप पावते त्या दिशेची) निम्मी शक्ती, म्हणजे ३ डेसिबल (डीबी), वाया जाते. चित्र तरीही येतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पहिल्या जोरदार सरीला मात्र ते जातं. आणि चुकीच्या बाजूला ४५ अंश फिरवला तर फरक ९० अंशांचा होतो, म्हणजे उभ्या ध्रुवणाच्या जागी आडवं समोर येतं आणि डिश बिनचूक असूनही एकही वाहिनी सापडत नाही. नागपुरात हाच कोन ३३ अंशांच्या आसपास आहे. हे हिशेबाचे आकडे झाले. शेवटची पाच-सात अंशांची घट-वाढ मीटर बघूनच करायची.

मीटर म्हणजे 'क्वालिटी', 'स्ट्रेंग्थ' नव्हे. स्ट्रेंग्थमध्ये गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे डिश भलत्याच उपग्रहाकडे बघत असली तरी स्ट्रेंग्थ ८० टक्के दाखवते. लिनक्सवर डीव्हीबी टूल्समधून सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर थेट डीबीमध्ये वाचता येतं. लॅपटॉप आणि यूएसबी ट्यूनर गच्चीवर नेता आला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर खाली एकाने आकडा वाचायचा आणि वर दुसऱ्याने डिश हलवायची. हलवायची ती अगदी केसभर. हलवली की चार-पाच सेकंद थांबायचं, कारण ट्यूनरला पुन्हा कुलूप लागायला तेवढा वेळ लागतो. न थांबता फिरवत राहिलं तर बरोबर जागा हातातून निसटून जाते. डीव्हीबी-एस प्रवाहाचा एफईसी (चुका दुरुस्त करायला जोडलेल्या जादा माहितीचं प्रमाण) ३/४ धरला तर ७ डीबीच्या आसपास चित्र तुटायला लागतं. कोरड्या दिवशी ११-१२ डीबी मिळत असतील तर पावसासाठी चार-पाच डीबींची गंगाजळी राहते. कोरड्या दिवशीच ९ मिळत असतील तर काम अर्धवट झालंय असं समजावं आणि पुन्हा वर जावं.

केबल आरजी-६. स्वस्त केबलीत मधली तार पोलादाची आणि वर तांब्याचा मुलामा असतो. वाहिनीच्या लहरींना ती चालते, पण एलएनबीला जाणारं व्होल्टेज तिच्यात जास्त पडतं. गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत ३० मीटर जायचं असेल तर सबंध तांब्याची घ्या. एलएनबी ११०९० मेगाहर्ट्झमधून स्वतःचे ९७५० वजा करून १३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवतो. या वारंवारतेला ३० मीटरमध्ये ७ डीबीच्या आसपास घट धरावी. एवढी घट एलएनबी सहन करतो, कारण तो आधीच भरपूर वाढवून पाठवतो. तो सहन करत नाही ते पाणी. एफ कनेक्टर वर उघडा राहिला की पहिल्या पावसात पाणी जाळीतून केबलच्या आत शिरतं आणि उताराने थेट कार्डापर्यंत येऊ शकतं. कनेक्टरवर साधी काळी चिकटपट्टी पुरत नाही. ताणून गुंडाळल्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी लावा, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळून जातो. कनेक्टर पिळून बसवायचा नाही, दाबून बसवायचा प्रकार घ्या. जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला लागला तर शॉर्ट होतं, कार्ड संरक्षणासाठी व्होल्टेज बंद करतं, आणि आपण डिशला दोष देत बसतो. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या विजांसाठी डिशचा खांब आणि केबलची जाळी दोन्ही अर्थिंगला जोडावी.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. 'दोन ट्यूनर म्हणजे एका वेळी दोन वाहिन्या' असं विक्रेतेही सांगतात. ट्यूनर वाहिनीला लागत नाही, ट्रान्सपाँडरला, म्हणजे अनेक वाहिन्या एकाच वारंवारतेवर पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या प्रक्षेपकाला लागतो. २९५०० सिंबल रेट (सेकंदाला किती हजार चिन्हं येतात तो वेग) आणि ३/४ एफईसीचा एक डीव्हीबी-एस ट्रान्सपाँडर सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट वाहून आणतो, आणि त्यात डझनभर वाहिन्या एकत्र गुंडाळलेल्या असतात. एका ट्यूनरने तो सगळा गठ्ठा घरात येतो; त्यातल्या कितीही वाहिन्या एकाच वेळी वेगळ्या करून फाइलीत टाकता येतात. म्हणजे बातम्या, मालिका आणि सिनेमा एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर तिन्ही एकाच ट्यूनरवर होतात, आणि दोन वेगळ्या ट्रान्सपाँडरवरच्या दोनच वाहिन्या असतील तरी एक ट्यूनर कमी पडतो. आपल्या आवडीच्या वाहिन्या किती ट्रान्सपाँडरवर विखुरल्या आहेत ते आधी कागदावर लिहा, मग कार्ड घ्या. बहुतेक घरांना दोन ट्यूनरचं कार्ड पुरतं.

याचा आणखी एक फायदा. हवे ते सगळे ट्रान्सपाँडर एकाच ध्रुवणाचे आणि एकाच बँडचे (वारंवारतेच्या वरच्या किंवा खालच्या पट्ट्याचे) असतील तर दोन ट्यूनरना एलएनबीची एकच तार दुभाजकातून वाटून देता येते, कारण दोघेही एलएनबीकडे एकच मागणी करतात. एकाला १३ व्होल्ट (उभ्या ध्रुवणासाठी) आणि दुसऱ्याला १८ (आडव्यासाठी) लागत असतील तर मात्र हा जुगाड चालत नाही. तेव्हा दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली टाकाव्यात. जुना सेट टॉप बॉक्सही त्याच दुभाजकावर ठेवला तर घरातल्या कोणी तो दुसऱ्या ध्रुवणाच्या वाहिनीवर नेला की रेकॉर्डिंगचा तिथेच निकाल लागतो, आणि फाइल उघडेपर्यंत पत्ता लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन लिनक्स, रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड, बघण्यासाठी कोडी. विंडोजवर एके काळी मीडिया सेंटर होतं, पण २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं. लिनक्सवर कार्ड निवडताना त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे का हे बघणं दहा इतर गुणांपेक्षा महत्त्वाचं. काही कार्डांचे ड्रायव्हर बाहेरून आणून संकलित करावे लागतात. ते चालतात छान, पण कर्नेल आपोआप अद्ययावत झाला की दुसऱ्या दिवशी ट्यूनर गायब. असं कार्ड असेल तर कर्नेलचं पॅकेज रोखून धरा आणि अद्ययावत करणं सवडीने, हाताने करा. ड्रायव्हर कर्नेलमध्ये असूनही ट्यूनर दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल नसते; कर्नेलच्या नोंदीत तिचं नाव स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

टीव्हीहेडएंडचं सगळं काम ब्राउझरमधून, ९९८१ या पोर्टवर होतं. ट्यूनर चालू करायचा, डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करून त्याला जोडायचं, एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल निवडायचा. बरोबर येणाऱ्या तयार याद्या जुन्या असतात, त्यामुळे एकच ट्रान्सपाँडर हाताने भरावा आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू ठेवावी. प्रवाहातल्या नेटवर्कच्या तक्त्यातून बाकीचे तो स्वतः शोधतो. भरताना गोंधळ एककांचा होतो. बाजारातल्या मीटरवर आणि बॉक्सवर ११०९०, उभं, २९५०० असं लिहितात. टीव्हीहेडएंडला वारंवारता किलोहर्ट्झमध्ये हवी असते, म्हणजे ११०९००००, आणि सिंबल रेट पूर्ण आकड्यात, म्हणजे २९५०००००. शून्यं कमी पडली तर स्कॅन मुकाट्याने 'अयशस्वी' म्हणतो, कारण सांगत नाही. एफईसी 'ऑटो' ठेवावा. स्कॅन झाल्यावर सगळ्या सेवा सरसकट वाहिन्यांत बदलू नका; हव्या त्या वीस-पंचवीसच निवडा. यादी लहान असली की पुढची साफसफाई सोपी जाते.

फाइलचा प्रकार 'पास-थ्रू', म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, हाच ठेवावा. एमपी४ च्या फाइलीची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते; मध्येच वीज गेली तर दोन तासांची फाइल एकही मिनिट उघडत नाही. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम १८८ बाइटच्या सुट्या पाकिटांची बनलेली असते. वीज गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत राहतं. जागेचा हिशेब असा: एसडी वाहिनी ३ एमबीपीएस धरली तर तासाला १.३५ जीबी. २ टीबीच्या डिस्कवर सुमारे १,४८० तास बसतात. घाईघाईने ८ टीबी घेण्याचं काही कारण नाही.

डिस्क लावताना एक सापळा आहे. बूट होताना डिस्क कुठल्या कारणाने जोडली गेली नाही तर तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर राहतो, आणि टीव्हीहेडएंड बिनधास्त त्याच्यातच, म्हणजे एसएसडीवर लिहायला लागतो. १२० जीबी भरली की यंत्रणाच कोलमडते, आणि डिस्क पुन्हा जोडली की ती रेकॉर्डिंग तिच्याखाली दडून बसतात, दिसतही नाहीत. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. सिस्टीमडीला (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला) सांगायचं की ही डिस्क जोडल्याशिवाय टीव्हीहेडएंड सुरू करू नकोस. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'अपरिवर्तनीय' खूण लावून ठेवायची, म्हणजे त्याच्यात चुकूनही काही लिहिलं जात नाही. फोल्डरची मालकी टीव्हीहेडएंडच्या वापरकर्त्याकडे द्यायला विसरलात तर रेकॉर्डिंग सुरू होताक्षणी बंद पडतं.

वेळापत्रक लावायच्या तीन तऱ्हा आहेत. प्रवाहातून कार्यक्रमपत्रिका येत असेल तर तिच्यातून नाव निवडून. नावाचा नमुना देऊन आपोआप. आणि निव्वळ घड्याळावर. फ्री डिशच्या वाहिन्यांसाठी आमचा कल सरळ तिसऱ्या तऱ्हेकडे आहे. पत्रिकेत नाव कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी तुकड्यात आलं की नमुना जुळत नाही आणि भाग हुकतो. 'सोमवार ते शनिवार, रात्री ८ ते ८.३०' हे घड्याळाला नेमकं कळतं. आधी २ मिनिटं आणि नंतर १० मिनिटं जास्तीची ठेवावीत. क्रिकेटसाठी नंतरची ६० सुद्धा कमी पडतात. तिथे ९० ठेवा, नको असलेला शेपूट कापता येतो. एकाच वाहिनीवर लागोपाठ दोन कार्यक्रम असतील तर जास्तीची मिनिटं एकमेकांवर चढतात, पण त्याने काही बिघडत नाही: तीच पाकिटं दोन फाइलींत जातात, दुसरा ट्यूनर लागत नाही. दररोजच्या बातम्यांना मात्र 'फक्त शेवटची ३ ठेव' अशी मर्यादा घाला. शिळ्या बातम्यांनी डिस्क भरल्याइतका करंटा खर्च नाही.

घड्याळावर विसंबायचं म्हणजे घड्याळ बरोबर हवं. कचेरीतून निघालेल्या संगणकांत मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी हमखास मेलेली असते. वीज गेली की तारीख मागे जाते. इंटरनेट असेल तर वेळ जुळते, पण राउटर उशिरा सुरू झाला तर मधला कार्यक्रम गेलाच. पन्नासएक रुपयांची बॅटरी पहिल्या दिवशीच बदलून टाका. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' हा पर्याय लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका 'यूपीएस' बाजूला आहे का बघा. दुसऱ्या बाजूला असताना पंखे-दिव्यांना कळतही नाही इतक्या वेळात संगणक रीस्टार्ट होतो. राउटरही त्याच ओळीवर घ्या. यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं आणि ते २० वॅट खात असेल तर महिन्याला १४-१५ युनिट होतात. झोपवून ठेवून रेकॉर्डिंगच्या आधी जागं करण्याची सोय आहे, पण काही ट्यूनर झोपेतून उठल्यावर नीट सावरत नाहीत आणि ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा लागतो. ती कटकट टाळण्यासाठी १५ युनिट आम्हाला महाग वाटत नाहीत.

पावसाचं काय? ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे ३.५ डीबींची भर. घाटमाथ्यावर आणि कोकणात ही भर मोलाची. सोलापूर-लातूरकडे गरज भासत नाही. मोठ्या डिशची नजर अरुंद असते, तेव्हा ती वाऱ्याने हलू नये असा खांब हवा. ढगफुटीसारख्या पावसात मात्र कुठलीच डिश टिकत नाही. झालेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत टीव्हीहेडएंड चुकांचे आकडे दाखवतो. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. मधला क्रमांक हुकला की एक चूक मोजली जाते. दहा-वीस चुका म्हणजे एखादा चौकोनी ठिपका. हजारोंनी चुका असतील आणि पाऊस पडलेला नसेल तर कनेक्टर बघा.

पाऊस नसताना, आकाश निरभ्र असताना वर्षातून दोनदा सिग्नल जातो, त्याचं कारण सूर्य. तो उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट डिशमध्ये भरतो. पुण्यासाठी हिशेब केला तर हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी येतं. लागोपाठ काही दिवस, रोज काही मिनिटं. त्या दिवसांत डिश हलवायला वर जाऊ नका. उलट, ती नेमकी बसली आहे का याची फुकटात परीक्षा होते: सिग्नल सगळ्यात खाली जातो त्या क्षणी डिशवरून परतलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावर जमा झालेलं असतं.

रेकॉर्डिंग बघताना पहिली तक्रार येते ती बातम्यांच्या खालच्या पट्टीची. मराठी मजकूर डावीकडे सरकताना अडखळतो, शिरोरेषा थरथरते. दोष फाइलीत नसतो. आपलं प्रसारण सेकंदाला ५० अर्ध-चित्रांचं (एकाआड एक ओळींच्या चित्रांचं) असतं, आणि संगणक टीव्हीला ६० हर्ट्झ पाठवत असतो. कोडीमध्ये 'चित्राप्रमाणे रिफ्रेश रेट बदल' हे चालू करा म्हणजे टीव्ही ५० वर जातो. मग डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्ध-चित्रांची पूर्ण चित्रं करणं. ते बंद असेल तर गोलंदाजाच्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ग्राफिक्स चिपमधलं डीइंटरलेसिंग निवडा आणि ५० अर्ध-चित्रांची ५० पूर्ण चित्रं करायला सांगा; २५ केली तर पट्टी पुन्हा अडखळते.

ठेवणीतल्या कार्यक्रमांवर थोडं काम करावं लागतं. कधीकधी फाइल पुढे सरकवताना भलतीकडे उडी मारते, एक तासाचा कार्यक्रम २६ तासांचा दाखवते. प्रवाहातला वेळेचा मोजक ३३ बिटांचा, सेकंदाला ९०,००० ने वाढणारा आहे. तो दर साडेसव्वीस तासांनी शून्यावर येतो. तो क्षण रेकॉर्डिंगच्या मध्ये आला की खेळवणारा प्रोग्राम गोंधळतो. एफएफएमपेग या प्रोग्रामने चित्र-आवाजाला हात न लावता नुसती नवी वेष्टणं घातली की वेळा पुन्हा ओळीत येतात, दोन मिनिटांचं काम. जागा वाचवायची असेल तर एच.२६४ मध्ये बदला, सीआरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) २० च्या आसपास, आणि त्याच वेळी डीइंटरलेस करा. हे काम पहाटे ठेवा. एसडी चित्राचे ठिपके चौरस नसतात, तेव्हा रुंदी-उंचीचं प्रमाण जसंच्या तसं जाऊ द्या. ते सक्तीने बदललं की माणसं जाडी किंवा लांबट होतात.

जाहिराती शोधायला कॉमस्किप आहे. तो जाहिरातींच्या सीमा लिहून ठेवतो आणि कोडी त्या वेळा वाचून उड्या मारतो. मूळ मांडणीत तो काळ्या चौकटी, वाहिनीचं बोधचिन्ह, चित्राचा आकार आणि प्रमाण बघतो. आपल्याकडे जाहिरातीआधी काळी चौकट बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे बोधचिन्हावर भर द्यावा लागतो. जाहिरातीतही बोधचिन्ह तसंच ठेवणाऱ्या वाहिन्यांवर त्याचं काही चालत नाही. आणि खालून-बाजूने सरकत येणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती तर चित्रातच मुरलेल्या. त्या काढता येत नाहीत. कॉमस्किपच्या भरवशावर फाइल कायमची कापू नका, नुसत्या खुणा ठेवा. तो एखाद्या वेळी मालिकेचा शेवटचा प्रसंगच जाहिरात समजतो.

राहिलं १ एप्रिल. फ्री डिशच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, आणि नव्या आर्थिक वर्षाबरोबर काही वाहिन्या जातात, काही येतात, काही या ट्रान्सपाँडरवरून त्या ट्रान्सपाँडरवर सरकतात. टीव्हीहेडएंड वाहिनी ओळखतो ती सेवा क्रमांकावरून. त्याच क्रमांकावर दुसरी वाहिनी आली तर रात्री ८ च्या मालिकेच्या नावाने भोजपुरी सिनेमा निमूटपणे साठत राहतो, एकही चूक न दाखवता. म्हणून मार्चअखेर मालिकांचे राहिलेले भाग बघून घ्या, २ एप्रिलला सगळे ट्रान्सपाँडर पुन्हा स्कॅन करा, बरेच दिवस न दिसलेल्या सेवा पुसून टाका आणि प्रत्येक टायमरसमोरची वाहिनी एकदा उघडून डोळ्यांनी बघा. त्याआधी टीव्हीहेडएंडच्या मांडणीचा सगळा फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा. स्कॅनमध्ये काही विस्कटलं तर तो परत टाकायला मिनिटही लागत नाही.